आमच्या घरची यादी

हॉलमधला कॉम्प्युटर बदलायचं ठरलं आणि घरात एक कागद फिरायला लागला.

त्याचं असं झालं की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली. म्हणजे त्या रात्री मशीन बंद पडलं असं नाही, पण सुरक्षेची नेहमीची डागडुजी थांबली. नावनोंदणी करून आणखी वर्षभर ढकलता येत होतं, पण आमचा कॉम्प्युटर २०१४ सालचा. विंडोज ११ त्याला झेपणारच नव्हतं. वय झालं होतं बिचाऱ्याचं.

मग नवऱ्याने फर्मान काढलं. प्रत्येकाने आपल्याला काय काय लागतं ते या कागदावर लिहायचं. प्रोग्राम, साइट्स, ॲप्स, जे असेल ते. "नंतर माझं हे राहिलं, माझं ते राहिलं, चालणार नाही." (हेच वाक्य आमच्याकडे प्रवासाला निघतानाही ऐकू येतं.)

मला कल्पना फारच आवडली. पूर्वी घरातल्या माणसांची आवड कळायला त्यांचं कपाट बघावं लागायचं. आता अशी यादी बघावी.

नवऱ्याची यादी दोन शब्दांची. एक्सेल आणि आयआरसीटीसी. २००२ साली रेल्वेची तिकिटं इंटरनेटवर मिळायला लागली तेव्हापासूनचा भक्त आहे हा. तेव्हा तिकीट काढायचं इंटरनेटवर आणि ते घरी यायचं कूरियरने! हे मुलांना सांगितलं की ती आमच्याकडे असं बघतात जणू आम्ही कबुतराच्या पायाला चिठ्ठी बांधत होतो. यूपीआय आलं २०१६ मध्ये. आमच्या भाजीवाल्या मावशींनी ते याच्या आधी घेतलं. पण दर महिन्याचं दूध, पेपर आणि इस्त्री अजूनही एक्सेलमध्येच मांडलं जातं.

चिरंजीव इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. त्याची यादी कागदाच्या मागच्या बाजूला गेली. निम्मी नावं मला कळली नाहीत, पण त्यात व्हीएलसी होतं म्हणून जीव भांड्यात पडला. तो नारिंगी शंकू आमच्या घरात इतकी वर्षं आहे की तो घरचाच झालाय. कसलीही फाइल टाका, कुरकुर न करता चालवतो. पॅरिसजवळच्या एका कॉलेजातल्या मुलांनी १९९६ मध्ये सुरू केलेलं काम, २००१ पासून सगळ्या जगाला खुलं. पैसे मागत नाही, जाहिरात दाखवत नाही.

लेकीने लिहिलं, "मला काही नको, माझं सगळं फोनमध्ये आहे." सासूबाईंनी सांगितलं, "माझं स्काइप लिही."

इथे जरा पंचाईत झाली. ताई (म्हणजे माझी नणंद) अमेरिकेत असते. २००८ पासून दर रविवारी सकाळी आई आणि ताई स्काइपवर बोलायच्या. ते ५ मे २०२५ ला बंद झालं. आता त्या व्हॉट्सॲपवर बोलतात, पण आईंच्या लेखी चेहरा दिसणारा प्रत्येक फोन म्हणजे स्काइपच. मी त्यांना सांगितलं, आई, ते दुकान बंद झालं.

"मालक गेला का?"

"नाही हो. ज्यांचं होतं त्यांनीच बंद केलं."

"चालतं दुकान कोणी बंद करतं होय?"

या प्रश्नाला माझ्याकडे तरी उत्तर नव्हतं.

मग मी माझ्या यादीखाली उगाचच आणखी एक यादी केली. एकेकाळी आवडती असलेली आणि आता नसलेली दुकानं. जिओसिटीज, २००९. गूगल रीडर, १ जुलै २०१३. ऑर्कुट, ३० सप्टेंबर २०१४. पिकासा, २०१६. याहू मेसेंजर, २०१८. याहू ग्रुप्स, २०२०. आणि आता स्काइप. लिहून झाल्यावर ते पेपरमधल्या श्रद्धांजलीच्या पानासारखं दिसायला लागलं. सगळंच बंद होतं असंही नाही म्हणा, मायबोली १९९६ पासून सुरू आहे. पण मन खट्टू झालं खरं.

आणि खट्टू झालं की मी भाषण देते. तसं ते दिलं. यापुढे आपलं काहीही इंटरनेटवर ठेवायचं नाही. फोटो, पत्रं, हिशेब, सगळं आपल्या घरात, आपल्या हार्डडिस्कवर. चिरंजीव म्हणाले, "आई, घरातली डिस्क जळते, पडते, चोरीला जाते. क्लाउडवर असलं की दहा ठिकाणी प्रत असते." मी म्हटलं, क्लाउड म्हणजे काय रे, दुसऱ्याच्या माळ्यावर ठेवलेलं आपलं सामान! त्याला घर विकावंसं वाटलं की आपलं सामान रस्त्यावर. नानांची फाइल बघ. २००३ पासून आपल्या घरात आहे. कोणाची हिंमत झाली का तिला हात लावायची?

"उघड ना मग," तो म्हणाला.

नानांच्या फाइलबद्दल सांगायला हवं. नाना म्हणजे माझे सासरे. एसटीत छत्तीस वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी वाहतूक नियंत्रक म्हणून. १९९८ ला निवृत्त झाले. पुढे एमएस-सीआयटीचा कोर्स निघाला तेव्हा वयाच्या बासष्टाव्या वर्षी पोरासोरांच्या शेजारी बसून तो केला आणि प्रमाणपत्र फ्रेम करून लावलं. मग घरच्या कॉम्प्युटरवर एक मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर घालून घेतलं आणि रोज दुपारी चहानंतर एका बोटाने आपल्या आठवणी टाइप करायला बसले. कोणी डोकावलं की खिडकी बंद करायचे. "पुरं झालं की सगळ्यांना एकदम वाचून दाखवीन."

पुरं काही झालं नाही. २०१९ मध्ये नाना गेले. फाइल मात्र आम्ही सांभाळली. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर, तिथून डिस्कवर. प्रत्येक नव्या कॉम्प्युटरवर 'नाना' नावाचं फोल्डर सगळ्यात आधी जायचं. उघडलं कोणीच नाही. आधी धीर होत नव्हता, आणि मग सवयच झाली न उघडायची.

त्या दिवशी उघडली. आणि पडद्यावर जिलब्या!

जिलब्या म्हणजे अक्षरशः जिलब्या. रोमन अक्षरं, त्यांच्या डोक्यावर टोप्या, मध्येच पौंडाची खूण, मध्येच उलटं प्रश्नचिन्ह. शेहेचाळीस पानं. एक शब्द लागेना. आई मागे उभ्या होत्या. "हे काय लिहिलंय त्यांनी?" म्हणाल्या. माझ्या भाषणाचं काय झालं असेल ते सांगायला नको.

ज्यांनी त्या काळात मराठी टाइप केलंय त्यांना हा प्रकार माहीत असेल. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. कॉम्प्युटरला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक. जुन्या मराठी फॉन्टवाल्यांनी युक्ती अशी केली की इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवली. फॉन्ट असला की दिसायला मराठी, पण आत साठवलेलं सगळं इंग्रजीच्या क्रमांकांत. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, म्हणजे एकाचा 'क' जिथे तिथे दुसऱ्याचा 'ढ'. कोणाचा दोष म्हणावा तर तसंही नाही, त्या काळी दुसरा फारसा मार्ग नव्हता. युनिकोडने देवनागरीला स्वतःचा १२८ घरांचा पट्टा दिला. 'क' चं घर ०९१५, जगात कुठेही गेलात तरी तेच. विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशींनी केलेला मंगल फॉन्ट आला आणि हळूहळू आपण सगळे त्या पट्ट्यात राहायला गेलो. नाना मात्र जुन्या घरातच टाइप करत बसले होते आणि आम्हाला कोणाला ते लक्षातच आलं नाही.

म्हणजे गंमत बघा. ऑर्कुट बंद होणार हे २०१४ च्या जूनमध्ये जाहीर झालं, तीन महिन्यांची मुदत मिळाली, आणि बंद झाल्यावरही २०१६ पर्यंत आपापला डेटा उतरवून घेता येत होता. माझे तिथले फोटो मी तेव्हा उतरवले, ते आजही उघडतात. आणि कोणीही बंद न केलेली, कोणीही न चोरलेली, आमच्याच कपाटातली फाइल उघडत नव्हती! चिरंजीवांनी काही बोलून दाखवलं नाही, त्याबद्दल त्यांचे आभार.

चिरंजीवांनी इंटरनेटवरचे दोन-चार कन्व्हर्टर लावून बघितले. जिलब्यांच्या इमरती झाल्या. शेवटी नवरा म्हणाला, दुकानात नेऊ.

'दुकान' म्हणजे टिळक रोडच्या एका गल्लीतलं, दोन माणसं उभी राहिली की भरणारं. पंचवीस वर्षांपूर्वी आमचा पहिला कॉम्प्युटर तिथेच जोडून घेतला होता. दुकानवाले काका आता सत्तरीला आले आहेत. मधल्या काळात आम्ही तिथे जायचो ते फक्त काही बिघडलं की. नवीन वस्तू घ्यायची ती ऑनलाइन, कारण स्वस्त. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

काकांनी पडद्यावरच्या जिलब्या बघितल्या, चष्मा वर केला, आणि डॉक्टर जीभ बघून सांगतात तसं सांगितलं, हे अमुक सॉफ्टवेअर, त्याची अमुक सालची आवृत्ती. मला वाटलं गंमत करताहेत. पण त्यांनी पोटमाळ्यावरून एक्सपीवालं एक मशीन काढलं. ते त्यांनी मुद्दाम जिवंत ठेवलंय. लग्नपत्रिका छापणारे, जुने प्रेसवाले अजून येतात म्हणे, पूर्वीची फाइल उघडून द्या म्हणून. पेनड्राइव्ह लावला, फॉन्ट निवडला, आणि जिलब्यांचं एका क्षणात मराठी झालं. पहिली ओळ होती, 'श्री. कराड आगारात रुजू झालो तो दिवस सोमवार होता.' नवरा दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला.

काकांनी मजकूर युनिकोडमध्ये आणून दिला. म्हणाले, चुका राहतील, नीट वाचून घ्या. तशा राहिल्याच. जुन्या पद्धतीत ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं बरोबर उलट. त्यामुळे बदलताना वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. याचे त्यांनी घेतले तीनशे रुपये.

मुद्रितशोधन आईंनी केलं. मोठ्या अक्षरांत छापून दिलं, त्यांनी भिंग आणि पेन्सिल घेतली आणि रोज दोन-तीन पानं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. वेलांटी चुकली की खूण. मी समोर भाजी निवडत ऐकायची.

नवव्या दिवशी कोयनेचा भूकंप आला. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. आमच्या नातेवाइकांत ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, कारण आई ती प्रत्येक नव्या सुनेला सांगतात. तेव्हा बिऱ्हाड कराडला होतं. नाना रात्रपाळीला स्टँडवर. आई घरात एकट्या, ताई सहा महिन्यांची. जमीन हलली, त्या बाळाला घेऊन अंगणात आल्या आणि पुढचे दोन दिवस अंगणातच काढले. नाना तिसऱ्या दिवशी घरी आले. "दोन दिवस माणूस फिरकला नाही, जिवंत आहोत की नाही बघायला." नानांना कोणी विचारलं तर ते नुसते हसायचे.

फाइलमध्ये लिहिलं होतं: 'दुपारी पाऊण तासाची सवड काढून गल्लीच्या तोंडाशी आलो. अंगणात दोघी दिसल्या. हिने बाळाला पदराखाली घेतले होते. आत गेलो असतो तर परत निघणे झाले नसते. स्टँडवर माणसे अडकली होती. तसाच फिरलो.'

आई वाचायच्या थांबल्या. भिंग खाली ठेवलं. मी शेंगा तशाच धरून बसले होते.

"हाक मारायला काय झालं होतं?" त्या म्हणाल्या.

मग जरा वेळाने भिंग उचललं आणि म्हणाल्या, "पुढचं पान दे." त्या रविवारी त्यांनी तेवढी एक ओळ ताईला 'स्काइप'वर दोनदा वाचून दाखवली.

आता मला काय म्हणायचंय ते म्हणते. सॉफ्टवेअर किंवा साइट आवडती ठरवताना आपण पुढचं दार बघतो. आत शिरायला सोपं आहे का, फुकट आहे का, सगळे तिथेच आहेत का. मागचं दार कोणी बघत नाही. उद्या निघायची वेळ आली तर माझं सामान बाहेर काढता येईल का, आणि बाहेर काढलेलं दुसरीकडे उघडेल का? क्लाउड चांगलं की घरची डिस्क, हे माझं आणि चिरंजीवांचं भांडण चुकीचंच होतं. ऑर्कुटला मागचं दार होतं. नानांच्या फाइलला नव्हतं, आणि ती आमच्या घरात होती.

सगळ्याच गोष्टींना हे लावायची गरज नाही. लेकीची गाणी जिथे आहेत तिथून ती काढता येत नाहीत, आणि तिचं म्हणणं असं की ती गाणी तिची नाहीतच, ती भाडं भरते. पटलं मला. भाड्याचं भाड्याने ठीक आहे. पण जे आपण स्वतः लिहिलं, काढलं, जमवलं, ते असं कुलपात नको. आणि दारं बऱ्याच ठिकाणी असतात हो, आपण शोधत नाही. गूगलने टेकआउट नावाची सोय २०११ पासून ठेवली आहे, सगळं एकगठ्ठा उतरवता येतं. व्हॉट्सॲपवरचं संभाषण साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढता येतं. गूगलनेच २०२३ मध्ये नियम केला की दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं काढून टाकलं जाऊ शकतं. पण खातं असं पडून राहिलं तर कोणाला कळवायचं, कोणाला काय द्यायचं, हे आधीच सांगून ठेवायची सोय तिथे २०१३ पासून आहे. आम्ही नवरा-बायकोने ती आता वापरली. पाच मिनिटांचं काम, पण करताना बोललो नाही फारसं.

आणि दुकानाचं. नवा कॉम्प्युटर काकांकडेच जोडून घेतला. चिरंजीवांनी सगळे भाग ऑनलाइन शोधून हिशेब मांडला, २,८०० रुपये जास्त गेले म्हणून. मी म्हटलं, गेले. पोटमाळ्यावर ते एक्सपीचं मशीन ठेवायला जागेचं भाडं लागतं. जिलबी बघून सॉफ्टवेअर ओळखायला पंचवीस वर्षं लागतात. आपण फक्त अडचणी घेऊन जायचं आणि खरेदी दुसरीकडे करायची, तर पुढच्या वेळी ते दुकानही माझ्या श्रद्धांजलीच्या यादीत असेल. आणि तिथे कुठे डेटा उतरवून घ्यायची मुदत मिळणार आहे?

असो. तर आमच्या घरची यादी आता अशी आहे: एक्सेल (पण वर्षअखेरीला एक प्रत साध्या मजकुरात, नवऱ्याने कबूल केलंय), व्हीएलसी, युनिकोड मराठी, फोटो दोन ठिकाणी, आणि टिळक रोडचं दुकान. सगळ्यात खाली आईंच्या अक्षरात 'स्काइप'. ते आम्ही खोडलेलं नाही.

तुमच्याकडेही कोणा काका-आजोबांची अशी एखादी जुनी फाइल असेल तर या शनिवारी उघडून बघा. फॉन्ट ओळखणारी माणसं अजून आहेत तोवर.

नातेवाईक मंडळींसाठी: नानांची शेहेचाळीस पानं तयार आहेत, आईंनी तपासलेली. ज्यांना हवीत त्यांनी सांगा, पाठवते. कुठेही उघडतील.